मे महिन्याची मौज आणि घड्याळाचा काटा

परीक्षा आटोपल्या आहेत. मुंबई-पुण्याची भाचरंडे आजोळी उतरली आहेत. माळ्यावर आंब्याची अढी लागली आहे, गच्चीवर कुरडया वाळत आहेत, फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटलीला जागा उरलेली नाही आणि रात्री जेवणे झाली की अंगणात एकच विषय निघतो: यंदा घाट कधी उतरायचा? गुहागरला जायचे की गणपतीपुळ्याला?

अशा दिवसांत डॉक्टरने लेखणी उचलली की वाचकांच्या कपाळाला आठी पडते. आता हा गृहस्थ आंबा बंद करणार, बासुंदी बंद करणार आणि मुलांना समुद्राकडे फिरकूही देणार नाही, अशी त्यांची खात्रीच असते. वाचकहो, तसे काही होणार नाही. चार घरची मुले एका पंगतीला बसून आमरसावर ताव मारतात, ओल्या वाळूत किल्ले करतात, त्या आनंदाची गोळी कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

मात्र दर मे महिन्यात काही ठरावीक तक्रारी घेऊन रोगी माझ्याकडे येतात. सबंध घराला एकदम उलट्या, सहलीहून परतलेल्या मुलाला जुलाब, दुपारच्या उन्हात भोवळ. त्यांची विचारपूस करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात येते. पदार्थ बहुधा चांगलाच असतो, घरी प्रेमाने केलेला असतो. ठिकाणही चांगले असते. चुकलेली असते ती वेळ. दुपारी अमृतासारखी लागणारी बासुंदी रात्री घातक ठरते, आणि सकाळी शांत असलेले पाणी दुपारनंतर माणूस ओढून नेते. म्हणून आज 'हे खा, ते खाऊ नका' अशी यादी न देता, सुट्टीतल्या मौजेवर घड्याळाचा पहारा का हवा, तेवढे समजून घेऊ.

बासुंदी रात्रीतून कशी बदलते?

एका मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास एकाच घरातील सात माणसे उलट्या करीत माझ्याकडे आली. दुपारी पाहुण्यांसाठी तीन लिटर दुधाची बासुंदी आटवली होती. उरलेले पातेले ओट्यावर जाळीखाली ठेवले होते. रात्री आठ वाजता तीच बासुंदी पुन्हा उकळून वाढली. "डॉक्टर, चांगली उकळी आणली होती, वासही येत नव्हता, मग बाधली कशी?" हा त्या घरच्या काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता. सकाळपर्यंत सगळे सावरले, मात्र चार वर्षांच्या नातवाला सलाईन लावावे लागले.

त्याचे उत्तर असे. आपल्या हाताच्या कातडीवर, नाकात आणि विशेषतः पिकलेल्या फोडात किंवा चिघळलेल्या जखमेत स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू असतात. बासुंदी उकळत असताना ते टिकत नाहीत. पण ती निवल्यावर कोणी पळीने ढवळली, बोटाने चव घेतली, चारोळी हाताने पसरली की दोनचार जंतू आत उतरतात. दूध, साखर आणि कोमट हवा, म्हणजे त्यांना सणच! सोयीची परिस्थिती मिळाली की असे जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. हिशेब करून पाहा. एका जंतूचे एका तासात आठ, तीन तासांत पाचशे बारा आणि सहा तासांत अडीच लाखांहून अधिक होतात. दुपारी दोन ते रात्री आठ हे बरोबर सहा तास.

हे जंतू वाढताना एक विष तयार करतात. उकळीने जंतू मरतात, पण ते विष उकळीला दाद देत नाही. त्याला वास नाही, चव नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू होतात. म्हणूनच 'वास आला नाही' आणि 'पुन्हा उकळले होते' ही दोन्ही समाधाने फसवी आहेत.

जंतूंची वाढ साधारण पाच अंशांपासून साठ अंश सेल्सिअसपर्यंत होते. त्याहून थंड ठेवा किंवा त्याहून गरम ठेवा, मधल्या पट्ट्यात पदार्थ रेंगाळू देऊ नका. शिजवलेला ओला पदार्थ बाहेर ठेवण्याची मर्यादा दोन तास समजतात. हवाच बत्तीस अंशांच्या वर गेली की ती एका तासावर येते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ह्याहून जास्तच तापमान असते. तेव्हा बासुंदी, खीर, फ्रूट सॅलड, रसमलाई, खव्याचे पेढे ह्या सर्वांना एक तासाचा नियम लावावा.

मोठे पातेले तसेच फ्रीजमध्ये ढकलले तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. त्यापेक्षा दोनतीन पसरट भांड्यांत पदार्थ ओतावा, परातीत गार पाणी घेऊन त्यात ती भांडी ठेवावी आणि निवताच फ्रीजमध्ये ठेवावी. वीज गेली तर फ्रीजचे दार उघडू नये. बंद फ्रीज सुमारे चार तास गारवा धरून ठेवतो. मुले दर दहा मिनिटांनी दार उघडत राहिली, तर तो हिशेब चुकतो. आणि ज्याच्या बोटाला कापले आहे किंवा फोड आला आहे, त्याने त्या दिवशी गोडाच्या पातेल्याला हात लावू नये. वाढपी होण्याऐवजी त्याने पाहुण्यांशी गप्पा माराव्यात.

श्रीखंडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. दह्यातल्या आंबटपणामुळे ह्या जंतूंना वाढायला त्रास होतो, त्यामुळे श्रीखंड बासुंदीपेक्षा सोशीक. तरीही चक्का बांधायचे फडके आधी उकळून घ्यावे, आणि मे महिन्यात पुरचुंडी रात्रभर खुंटीला टांगण्याऐवजी चाळणीवर ठेवून खाली पातेले ठेवावे व सगळेच फ्रीजमध्ये सरकवावे. चक्का जास्त आंबत नाही आणि श्रीखंडात साखरही कमी लागते.

लाडू टिकतो, बासुंदी का टिकत नाही?

आपल्या आज्या-पणज्यांना जंतू दिसले नव्हते, पण त्यांचे स्वयंपाकघर जंतूंचा स्वभाव ओळखून होते. जंतूंना जगायला पाणी लागते. बेसनाचा लाडू, शंकरपाळे, गूळपापडी ह्यांत पाणी जवळजवळ नसतेच. मुरांबा आणि साखरांबा ओले दिसतात खरे, पण त्यांतील भरपूर साखर पाणी स्वतःकडे घट्ट धरून ठेवते. जंतूच्या वाट्याला काही येत नाही, उलट त्याच्या अंगातलेच पाणी बाहेर ओढले जाते. लोणच्यात हेच काम मीठ करते. म्हणून मुरांबा बरणीत वर्षभर राहतो. पण त्यात ओला चमचा घातला की वरच्या थराला पाणी मिळते आणि बुरशी धरते. 'ओला हात लावू नको' हे आजीचे ओरडणे पूर्णपणे शास्त्रीय होते.

सहलीचा डबा भरतानाही हेच ध्यानात ठेवावे. पहाटे पाचला भरलेला डबा आपण दुपारी एकला उघडतो, म्हणजे आठ तास झाले. तेवढा वेळ टिकतील असे पदार्थ म्हणजे दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचे लोणचे, लाडू, चिवडा. न टिकणारे म्हणजे उकडलेल्या बटाट्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी, कांदा-कोथिंबीर घातलेली भेळ आणि भात. भाताबद्दल पुष्कळांना आश्चर्य वाटते. तांदळात एका जातीच्या जंतूंची बीजे असतात. ती शिजवण्याने मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की जागी होऊन विष तयार करतात. कालवून गरमगरमच डब्यात कोंबलेला दहीभात म्हणूनच प्रवासाला नको. भात खायचाच असेल तर तिकडे पोहोचल्यावर एखाद्या खानावळीत गरम खावा.

बर्फात जंतू मरत नाहीत

काही घरांतून लाकडी बादलीचा आइस्क्रीमचा पॉट अजून जपून ठेवलेला आहे. आळीपाळीने दांडा फिरवायचा आणि मग वाट्या घेऊन रांगेत बसायचे! ह्या पॉटमध्ये बर्फाबरोबर खडेमीठ का घालतात, हे मुलांना जरूर सांगा. साधा बर्फ शून्य अंशाला वितळतो. मीठ मिसळले की तो शून्याच्या बराच खाली वितळू लागतो, आणि वितळताना लागणारी उष्णता आतल्या डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. म्हणून दूध गोठते.

पण बाहेरच्या बर्फाचे खारे पाणी डब्यात जाऊ देऊ नये. लादीचा बर्फ बहुधा मासे, दूध गार ठेवण्यासाठी केलेला असतो. तो पिण्याच्या पाण्याचा असतोच असे नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली खाण्यास अयोग्य असा बर्फ निळसर करण्याची सक्ती केली, ती ह्याच कारणाने. जंतू थंडीने मरतात, असा आपला गोड गैरसमज आहे. विषमज्वराचे आणि जुलाबाचे जंतू बर्फात नुसते निपचित पडून राहतात, पोटात ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतात. मुलांना गोळा खायचाच असेल तर घरी पाणी उकळून, गार करून फ्रीजमध्ये बर्फ जमवावा, तो किसावा आणि वर कोकमाचे किंवा वाळ्याचे सरबत ओतावे. मजा तीच, धास्ती नाही.

आंबा आणि मधुमेही मंडळी

'डॉक्टर, एकच फोड!' हे मे महिन्यातले माझ्या दवाखान्यातले सर्वांत लाडके वाक्य आहे. आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात साधारण चौदा ग्रॅम साखर असते. मधुमेह आटोक्यात असलेल्याला एक-दोन फोडींनी काही होत नाही. बिघडवतो तो आमरस-पुरीचा बेत. रसात पुन्हा साखर घातलेली असते, वाटी तीनदा भरली जाते, सोबत सहा पुऱ्या होतात आणि वर दुपारची झोप. इथेही वेळच पाहावी. आंबा पोटभर जेवणावर खाऊ नये. चार वाजता चहा-बिस्किटांऐवजी अर्धा आंबा कापून खावा, रस करू नये, आणि संध्याकाळी पाय मोकळे करून यावे. ज्यांची साखर फार चढलेली आहे किंवा ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आंब्याला हात लावू नये.

आंबे आणल्यावर तासभर पाण्यात टाकण्याची जुनी रीत सोडू नये. देठाचा चीक निघून जातो, म्हणजे ओठाच्या कडेला उठणारे फोड टळतात. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. बाहेरून एकसारखा पिवळा, पण आत आंबट आणि देठाशी वास नसलेला आंबा दिसला तर शंका घ्यावी.

पन्हे कधी, मीठ-साखरेचे पाणी कधी?

उन्हातून आल्यावर कैरीचे पन्हे किंवा कोकम सरबत ह्यांसारखे दुसरे पेय नाही. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातात. पन्ह्यात पाणी, मीठ आणि गूळ असल्याने ती भरपाई होते. नुसते पाणीच ढोसले तर मिठाची तूट राहते, पोटऱ्यांत गोळे येतात.

पण जुलाब-उलट्या सुरू झाल्यावर गोड पन्हे, बाटलीतील शीतपेये किंवा फळांचा रस देऊ नये. जास्त साखर आतड्यात पोहोचली की ती शरीरातले पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. अशा वेळी लागते ते मोजून केलेले मीठ-साखरेचे पाणी. थोडी साखर आणि थोडे मीठ योग्य प्रमाणात एकत्र असले की आतडे ती दोन्ही मिळून आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जाते. ह्या साध्या गोष्टीचे मोल १९७१ साली साऱ्या जगाला कळले. बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, साखर आणि सोडा घातलेले पाणी पिंपांतून वाटले. दर शंभर रोग्यांत तीसच्या घरात असलेले मृत्यू चारच्याही खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

औषधाच्या दुकानात ओ.आर.एस.ची पुडी मिळते. प्रवासाच्या पिशवीत तिच्या पाच-सहा पुड्या असू द्याव्यात. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी, अर्धी-अर्धी करू नये. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी टाकून द्यावे. नावात 'ओ.आर.एस.' मिरवणाऱ्या गोड पेयांना भुलू नये. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या वेष्टनावर ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पाजत राहावे. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही किंवा जुलाबातून रक्त आले, तर घरगुती उपाय पुरे, दवाखाना गाठावा.

घाटाखालचा उन्हाळा

आता सहलीकडे वळू. कऱ्हाड-पाटणहून कुंभार्ली घाट उतरून आपण चिपळूणला पोहोचलो की तापमापीत पारा आपल्याकडच्यापेक्षा कमीच दिसतो. तरी जीव जास्त घाबरा होतो. ह्याचे कारण दमट हवा. घाम येण्याने अंग गार होत नाही, तो वाळण्याने होते. देशावरच्या कोरड्या हवेत घाम पटकन वाळतो. किनाऱ्यावर हवेत आधीच भरपूर बाष्प असल्याने तो अंगावरून नुसता निथळतो. पाणी जाते, मीठ जाते, गारवा मात्र मिळत नाही. आपल्या शरीराला अशा हवेची सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आणि आपली सहल असते दोन दिवसांची.

म्हणून सकाळी साडेदहाला वाळूवरून उठावे आणि चारच्या आधी परत जाऊ नये. मधल्या वेळेत जेवण, झोप, पत्ते. पांढरी वाळू आणि पाणी ऊन परत फेकतात, त्यामुळे छत्रीखाली बसूनही कातडी भाजते. टोपी, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि दर अर्ध्या तासाला पाणी, तहान लागो वा न लागो. एखाद्याचे अंग तापले, तो असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या जाऊ लागला तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नसतो.

समुद्राचेही घड्याळ असते

आपण नदीकाठची माणसे. नदी एका दिशेने वाहते, ती आपल्याला कळते. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास जातात आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हे घड्याळ आपल्या भिंतीवर टांगलेले आहे, फक्त ते दिनदर्शिकेच्या रूपात आहे. कोकणातला जुना आडाखा असा: तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, म्हणून किनाऱ्यावरच्या माणसांना विचारून खात्री करावी, पण अंदाज पक्का येतो.

ह्या आडाख्याचा उपयोग पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आसपास पूर्ण होते आणि मग संध्याकाळपर्यंत पाणी ओसरत असते. त्या दिवसांत उधाण असल्याने पाणी जास्त चढते आणि तितक्याच वेगाने उतरते. म्हणजे दुपारचे जेवण उरकून आपण ज्या वेळी पाण्यात शिरतो, नेमक्या त्याच वेळी समुद्र आत ओढत असतो. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी आणि संध्याकाळी पाणी किनाऱ्याकडे येणारे. लहान मुले बरोबर असतील तर सहलीची तारीख ठरवताना रजेबरोबर तिथीही पाहावी.

तरीही भरती आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कुठूनतरी परत जातेच. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने खोल समुद्राकडे धावते. इंग्रजीत त्याला 'रिप करंट' म्हणतात, आपण पाण्याची ओढ म्हणू. फसवणूक अशी की, दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला हा पट्टा शांत, गडद, फेस नसलेला दिसतो. आईवडिलांना वाटते, इथेच मुलांना सोडावे! प्रत्यक्षात तीच सर्वांत धोक्याची जागा. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्यांपैकी आठ जण बुडाले. धडधाकट, तरुण मंडळी होती. समुद्रापुढे तारुण्य आणि नदीत पोहण्याचा सराव कामाला येत नाही.

ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याकडे सरळ पोहू लागतो, प्रवाह त्याला मागे नेतो, तो दमतो आणि बुडतो. ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. म्हणून प्रथम पाठीवर तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहावे. पट्टा अरुंद असतो, त्यातून बाजूला झाले की लाटाच किनाऱ्याकडे आणतात.

मुलांसाठी नियम एकच: पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत, आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर. 'सगळेजण लक्ष ठेवतोय' म्हणजे कोणीच लक्ष ठेवत नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावावी आणि पाळीवरच्या माणसाने मोबाईल खिशात ठेवावा. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याखाली-वर होत असते, ओरडायला श्वासच नसतो. दारू घेतलेल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नये, मग तो कितीही मानाचा पाहुणा असो.

कोणी बुडत असेल तर

हातात हात धरून साखळी करू नये आणि पोहता येत नसताना उडी घेऊ नये. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे जातात. दोर, साडी, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे तरंगेल ते फेकावे आणि जीवरक्षकांना, कोळी बांधवांना हाका माराव्यात.

बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार अजून चालतात. त्यांत मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी व अन्न उलटून श्वासनलिकेत जाते. बुडालेल्याला सर्वांत आधी हवा हवी असते. श्वास चालू नसेल तर पाठीवर झोपवावे, हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावून पाच वेळा छाती वर येईल एवढी हवा फुंकावी. मग छातीच्या मध्यभागी तळहाताने जोराने आणि भरभर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस ह्या गतीने तीस दाब, पुन्हा दोन श्वास, असे १०८ ची गाडी येईपर्यंत चालू ठेवावे. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात नेणे आवश्यक आहे. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

ह्या लेखातले हे एवढे कापून फ्रीजच्या दारावर लावावे:

दुधाचे गोड पदार्थ: ओट्यावर एक तास, नंतर फ्रीज.
सहलीचा डबा: कोरडा. भात, बटाटा, ओला नारळ नको.
बर्फ: घरच्या उकळलेल्या पाण्याचा.
वाळूवर: सकाळी साडेदहापर्यंत आणि चारनंतर.
भरती: तिथीची पाऊणपट. पाणी ओसरत असताना पायही ओले करू नयेत.
मुले: गुडघाभर पाणी, हाताच्या अंतरावर मोठे माणूस.
पिशवीत: ओ.आर.एस.च्या पुड्या. फोनमध्ये: १०८.

एवढे पाळले तर आंबा आहे, बासुंदी आहे, कोकण आहे आणि सुट्टीचे दिवसही पुष्कळ शिल्लक आहेत. मनसोक्त भोगा. पहिला पाऊस पडल्यावर विहिरीचे आणि नळाचे पाणी का बदलते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.